डॉलरच्या सात नोटा

नवऱ्याला घरी आणायला किती पैसे लागतील याचा हिशोब मी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर केला होता. धंद्याच्या वहीत घरचा खर्च लिहायचा नाही असा माझा नियम होता, आणि घरात दुसरा कोरा कागद नव्हता. पुठ्ठ्यावर तीन रकाने पाडले: रुपये, डॉलर, रियाल. रुपये जमवायचे होते. डॉलर सुरतेत मिळत होते. रियाल लागणार होते मस्कतच्या दवाखान्यात, आणि ते सुरतेत कुणाकडे मिळत नव्हते.

प्लेग येऊन गेल्याला दोन वर्षं झाली होती. आम्ही सुरतेच्या डिंडोलीत राहायचो. नवरा वेल्डर. आधी इच्छापोरला एका ठेकेदाराकडे होता, मग त्याच ठेकेदाराच्या ओळखीने मस्कतला गेला. दीड वर्ष पैसे नीट आले. मग तो पडला. कामावर उंचावरून पडला असता तर कंपनीने सगळा खर्च केला असता. तो पडला कामगारांच्या कॅम्पातल्या मोरीत, साबणावरून पाय घसरून. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, जखम चिघळली आणि शेवटी किडनीवर आलं. कंपनीने तीन आठवडे पैसे भरले आणि सांगितलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

हे मला कळलं नाक्यावरच्या एसटीडीवाल्याकडे आलेल्या फोनवर. फोन करणारा नवऱ्याच्या खोलीतला, आंध्रकडचा फिटर. त्याचं हिंदी माझ्यापेक्षा वाईट होतं, पण माणूस नेमकं बोलायचा.

"भाभी, तुम आने तक का पकड़ के बिल दो सौ दस रियाल बाकी. बिल भरेगा तो छोड़ेगा. उसका टिकट कंपनी देगा, लेकिन अकेला नहीं जा सकता. साथ में घर का आदमी होना."

"डॉक्टर और क्या बोलता है?"

मग म्हणाला, "डॉक्टर बोलता है, जल्दी."

घरचा माणूस म्हणजे खरं तर माझा दीर. तो सुरतेबाहेर सचिन गावी कापडाच्या एका प्रोसेस मिलमध्ये होता. पण त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता, आणि नवा काढायचा तर तीन-चार महिने. माझ्याकडे होता. नवऱ्याने जाताना स्वतःच्या अर्जाबरोबर माझाही भरला होता. वर्षभराने आठ दिवस तिकडे बोलावीन म्हणायचा. मी तेव्हा त्या फीवरून भांडले होते. पासपोर्ट पत्र्याच्या पेटीत पडून होता, एकही शिक्का नसलेला.

दीर रात्रपाळी करून थेट घरी आला. दारातच आमच्या घरच्या बोलीत म्हणाला, "वहिनी, तू एकली जाशी? इमान कधी देखं शे का?"

"रोज देखस. वरतून जास."

तो हसला नाही. खिशातून पाच हजार काढून पेटीवर ठेवले. शेठकडून उचल घेतली होती. "पैसानं मी देखी लिसू. तू भाऊले घर लई ये, बस."

तर पुठ्ठा. दवाखान्याचे दोनशे दहा रियाल. एक रियाल म्हणजे जवळजवळ दोन डॉलर साठ सेंट. डॉलरपेक्षा महाग पैसा असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. म्हणजे साधारण साडेपाचशे डॉलर. त्यावर विमानतळापर्यंतची गाडी, औषधं, तपासणी निघाली तर ती. सातशे डॉलर धरले. डॉलरला छत्तीस रुपये या भावाने पंचवीस हजार दोनशे. माझं जायचं-यायचं तिकीट अकरा हजार. मुंबईपर्यंतचं जाणं-येणं आणि किरकोळ आठशे. एकूण सदतीस हजार. राहण्याचा खर्च शून्य, कारण मी दवाखान्यातच बसणार होते. खाण्याचा खर्च शून्य, कारण दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आठ दिवस टिकते.

जमा बाजू अशी: दिराचे पाच हजार, घरातले पाच हजार, पोत आणि पाटल्या मोडून सतरा हजार, भिशीचे दहा हजार.

भिशी मीच चालवायचे. माझ्याकडे साड्यांना लेस आणि फॉल लावायचं काम यायचं. मार्केटमधून गठ्ठे आणायचे, गल्लीतल्या बायकांना वाटायचे, नगामागे पैसे द्यायचे. त्याच वीस बायकांची भिशी. महिन्याला पाचशे. त्या महिन्याचा नंबर दुसरीचा होता. मी मागितल्यावर ती म्हणाली, "ताई, घेऊन जा. माझ्या नवऱ्याला काय झालंय? दारू पिऊन ठणठणीत आहे."

या भिशीची एक रीत सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या वर्षी शंभराची एक नोट कमी निघाली म्हणून दोघींची जुंपली होती, पार झिंज्या धरेपर्यंत. तेव्हापासून मी नियम केला. पैसे सगळ्यांसमोर मोठ्याने मोजायचे, आणि मोजून झाले की वरच्या नोटेला ओल्या बोटाने हळदकुंकू लावायचं. एकदा कुंकू लागलं की ती गड्डी पुन्हा मोजायची नाही, तक्रार करायची नाही. बायकांना वाटायचं ताई लक्ष्मीची पूजा करतात. मला ते मोजल्याची खूण म्हणून हवं होतं. त्यानंतर भांडण झालं नाही. हळूहळू माझी सवयच झाली. घराबाहेर जाणारा मोठा पैसा मोजला, कुंकू लावलं, की माझ्या डोक्यातून तो विषय संपायचा.

डॉलर मी रिंग रोडवरच्या परवानावाल्या दुकानातून घेतले. मार्केटात एक दलाल चाळीस पैसे स्वस्त द्यायला तयार होता, विनापावती. मी पावतीवाले घेतले. परदेशात कुणी विचारलं तर दाखवायला कागद हवा. काउंटरवर एक गुजराती मुलगा होता, जाड चष्म्याचा. फॉर्म भरताना त्याने विचारलं, "बेन, फरवा जाओ छो?"

"ना. दवाखाने."

त्याने मान वर केली नाही, पण पुढचं हळू बोलला. पासपोर्टवर सातशेची नोंद केली, शिक्का मारला. शंभराच्या सात कोऱ्या नोटा एकेक करून माझ्यासमोर ठेवल्या. "वाळशो नहीं, बेन. वाळेली नोट त्यां कोई लेतुं नथी."

घडी घालायची नाही, एवढं लक्षात ठेवलं. त्याच्यामागच्या गल्ल्यात आपल्या नोटांच्या गड्ड्या होत्या. टाचण्या मारून भोकं पडलेल्या, कोऱ्या गोलात पेनाने आकडे लिहिलेल्या, काहींवर दिवाळीच्या पूजेचं कुंकू. त्या सगळ्या चालत होत्या. आमच्याकडे नोट फाटून दोन तुकडे झाले तरच लोक नाही म्हणायचे, आणि तेव्हाही घासाघीस करायचे.

निघायच्या आदल्या दिवशी मी नोटा ताटात मांडल्या. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. भिशीला कुंकू लावायचं काम तिचंच असायचं, म्हणून न सांगता करंडा घेऊन आली. मी सातपर्यंत मोठ्याने मोजलं. ती म्हणाली, "आई, वरच्यालाच ना?"

मी म्हटलं, "यातली एकेक नोट म्हणजे एक गड्डी आहे. सातही वरच्याच. सगळ्यांना लाव."

तिने लावलं. नीट, मधोमध, नोटेवरच्या गोऱ्या साहेबाच्या कपाळावर. पिवळं बोट, त्याखाली लाल. वाळू दिलं. मग मी नोटा घडी न घालता, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत दाबून, परकराच्या खिशात शिवून टाकल्या.

व्हिसाचा कागद कंपनीने पाठवला होता. तिकीट मी असं काढलं होतं की मंगळवारी संध्याकाळी पोचायचं आणि बुधवारच्या विमानाने दोघांनी परतायचं. एजंट म्हणाला होता, बेन, दोन दिवस हाताशी ठेवा. पण दवाखान्याचे दिवसाला सहा रियाल होते. दोन दिवस म्हणजे बारा रियाल, म्हणजे हजारावर रुपये, म्हणजे आठशे-नऊशे साड्यांचं लेसकाम. मी नाही म्हटलं.

मंगळवारी संध्याकाळी फिटर विमानतळावर आला होता. बुटका, काळा, हातात माझ्या नावाचा कागद. त्याने अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती आणि दुसऱ्या दिवसाचीही मागितली होती. दवाखान्यात पोचलो तर नवरा उशाला टेकून बसलेला होता. मला बसवलेला दिसला, स्वतः बसलेला नव्हे. तोंड सुजलेलं, हात काटकुळे. माणसाचं वजन एकाच वेळी वाढलेलंही दिसू शकतं आणि कमी झालेलंही, हे मी तिथे पाहिलं.

मला बघून म्हणाला, "तू कसाले उनी?"

"तुमले घर न्याले."

"पोर कशी शे?"

"बरी शे. गणितमा पहिली उनी."

थोडा वेळ श्वास घेतला. "किती पैसा लागनात?"

"तुमले काय करनं शे?"

"म्हणजे लई लागनात," तो म्हणाला, आणि डोळे मिटले. आमच्या घरात पैशाचं सगळं मी बघायचे. आकडा सांगायला मी टाळाटाळ केली, यावरून त्याला काय ते समजलं.

डॉक्टर केरळचा होता. त्याने मला दाराबाहेर नेऊन हिंदीत सांगितलं की आज त्यांची तब्येत प्रवासापुरती ठीक आहे. पुढच्या आठवड्याचं मी सांगू शकत नाही. सुरतेत डायलिसिसची सोय कुठे आहे ती आधी बघून ठेवा. मी ते पुठ्ठ्यावर लिहून घेतलं.

बुधवारी सकाळी आठला मी पैसे भरायच्या खिडकीवर उभी राहिले. तिथल्या माणसाने बिल दाखवलं, दोनशे दहा. मी पुठ्ठा उघडून नोटा काढल्या. तो म्हणाला, डॉलर नाही, रियाल. रस्त्यापलीकडे पैसे बदलून देणारं दुकान आहे. दोनच्या आत या. आज आठवड्याचा शेवटचा दिवस, मग खिडकी थेट शनिवारी. तिकडे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते. माझ्या पुठ्ठ्यावर सुट्टीचा रकाना नव्हता. दोनला अजून सहा तास होते आणि दुकान समोर दिसत होतं, म्हणून मी घाबरले नाही.

दुकानातल्या माणसाने पहिली नोट हातात घेतली, उजेडाकडे धरली, बोटाने चोळली आणि परत सरकवली. दुसरी. तिसरी. सातही तशाच सरकवल्या.

"ये नहीं चलेगा, दीदी. कलर है."

"कलर नहीं, कुंकू है. पूजा का."

"जो भी है. बैंक वापस करेगा. मेरी पगार से कटेगा."

मी पासपोर्टवरची नोंद दाखवली, पावती दाखवली. तो म्हणाला, नोट खरी आहे ते मला दिसतंय. खरेपणाची गोष्टच नाही. नोटेवर डाग नको.

दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्यात तर नोट हातातही घेतली नाही, काचेतूनच मान हलवली. फिटर सारखा घड्याळ बघत होता. साडेदहा झाले होते.

मग मी एक मूर्खपणा केला. दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन एक नोट धुवायला घेतली. एकच घेतली, एवढी अक्कल शाबूत होती. रुमाल ओला करून कुंकू टिपलं. ते थोडं निघालं. पिवळं निघेना, म्हणून बोटाला साबण लावून चोळलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मला लहानपणापासून माहीत. धुणं धुताना शंभर वेळा पाहिलेलं. त्या दिवशी आठवलं नाही. साहेबाचं कपाळ, डोळे, गाल, सगळं लालभडक झालं, आणि जितकं चोळावं तितकं पसरत गेलं. बाहेर आल्यावर फिटरने नोट बघितली आणि परत माझ्या हातात दिली. बाकीच्या सहा मी पुन्हा पुठ्ठ्यात घातल्या.

तोच म्हणाला की जुन्या बाजारात एक कच्छी कापडवाला आहे. कॅम्पातले लोक त्याच्याकडून घरी न्यायचं कापड घेतात. आपल्याकडचा माणूस आहे, कदाचित घेईल. पण जायचं कसं? त्याला अकरापर्यंतचीच रजा मिळाली होती. फोरमनला फोन करून, विनवण्या करून सुटायला त्याला सव्वाबारा झाले. मी मधल्या वेळात पुन्हा खिडकीवर गेले आणि मंगळसूत्राच्या दोन वाट्या काढून ठेवल्या. पोत मोडली तेव्हा तेवढ्या ठेवल्या होत्या. खिडकीतला माणूस मागे सरकला. "दीदी, ये हम नहीं ले सकते. प्लीज़, उठा लीजिए." त्याचं चुकलं नाही. लेस लावून झालेल्या साडीच्या बदल्यात मला कुणी वांगी दिली असती तर मीही घेतली नसती.

कापडवाल्याच्या दुकानी पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. शटर खाली. दुपारी एक ते चार सगळा बाजार बंद. शेजारच्या पायरीवर एक म्हातारा बसला होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, शेठ घरी गेला, घर कुठे ते मला माहीत नाही.

दोन वाजले तेव्हा मी त्या पायरीवर बसलेली होते.

चारला शेठ आला. साठीचा, पांढरा शर्ट, कपाळाला टिळा. मी गुजरातीत सुरुवात केली आणि एका दमात सगळं सांगितलं. त्याने नोटा हातात घेऊन पंख्यासारख्या पसरल्या.

"कंकु छे, मने खबर छे," तो म्हणाला. "बँकने खबर नथी."

त्याने सहा घेतल्या. नोटेमागे एक रियाल कापून. हाँगकाँगला माल आणायला जाणारा त्याचा भाऊ तिकडे खपवेल म्हणाला. सातवी, धुतलेली, त्याने बोटाच्या टोकाने माझ्याकडे ढकलली. "आ तो हुं पण ना लउं, बेन." दोनशे पंचवीस रियाल मोजून दिले. निघताना विचारलं, "सुरतमां क्यां?" मी म्हटलं डिंडोली. त्याला माहीत नव्हतं.

पाच वाजता दवाखान्यात पोचलो. खिडकीला कुलूप होतं. आतल्या एका बाईने सांगितलं, पैसे असतील पण पावती कोण फाडणार, आणि पावतीशिवाय खालचा चौकीदार सोडणार नाही. विमान सहा तासांनी गेलं. मी तेव्हा नवऱ्याजवळच होते. सकाळी निघताना नर्सला सांगितलं होतं म्हणून तिने त्याची दाढी करून, घरचा निळा शर्ट घालून ठेवलं होतं. तो दिवसभर तयार होऊन बसला होता.

पुढचं विमान ज्यात दोन जागा मिळाल्या ते रविवारचं.

गुरुवारी त्याने विचारलं, काय झालं. मी सांगितलं. खोटं सांगायची आम्हाला सवय नव्हती. कुंकू सांगितलं, साबण सांगितला, कच्छी शेठ सांगितला. फक्त कुंकू कुणी लावलं ते विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. तो ऐकत होता. मग त्याच्या छातीतून एक आवाज आला. मला वाटलं ढास लागली. तो हसत होता.

"सुरतनं कुंकू आठे चालत नही," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "साबणवरथून मीबी पडनू, तूबी."

मी दशमीचा तुकडा दुधात भिजवून भरवला. दोन घास खाल्ले. शर्ट काढू का विचारलं तर नको म्हणाला. रविवारला पुन्हा घालायचाच आहे.

शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला तो गेला. मी शेजारी होते. डॉक्टरला बोलावलं, तो धावत आला, दहा मिनिटं काय काय केलं. नंतर मी त्याला सरळ विचारलं, बुधवारच्या विमानात बसला असता तर? तो म्हणाला, सांगता येत नाही. विमानातही होऊ शकलं असतं. सुरतेत डायलिसिस मिळालं असतं तर कदाचित काही महिने. कदाचित काही दिवस. मी आभार मानले. हे उत्तर मी पुढे खूप वेळा उलटसुलट करून पाहिलं. त्यातून नेमकं काही निघत नाही.

शनिवारी आठ वाजता मी त्याच खिडकीवर गेले. तोच माणूस. बिल आता दोनशे अठ्ठावीस होतं, तीन दिवस वाढले होते. माझ्याकडे दोनशे पंचवीस. वरचे तीन फिटरने घातले. पावती मिळाली. ती दाखवल्यावर मृतदेहाचे कागद मिळाले. आणि मग मला कळलं की आता पुढचा एकही पैसा मला लागणार नव्हता. पेटी, मसाला भरणं, विमानाचं भाडं, सगळं कंपनी देणार होती. फिटरने करार आणून वाचून दाखवला. मेलेल्या माणसाला घरी पोचवण्याचा खर्च त्यात स्पष्ट लिहिला होता. आजारी माणसाचा नव्हता.

रविवारच्याच विमानाने आम्ही आलो, मी वर आणि तो खाली सामानात. मुंबईला मालाच्या गेटवर दीर टेम्पो घेऊन उभा होता. पेटी चढवताना हात लावला आणि म्हणाला, "जड शे." सुरतेपर्यंत आम्ही पुढच्या सीटवर बसून आलो. मी त्याला सगळं सांगितलं, मुलीचं सोडून. घरी आल्यावर मुलीला सांगितलं की कागदाला उशीर झाला. हे खोटं नव्हतं. पावती हा कागदच आहे.

आज ती तिशीला आली आहे आणि हे तिला अजून माहीत नाही. इथे वाचेल तर वाचेल. बोट तिचं होतं, पण सगळ्यांना लाव असं मी सांगितलं, दोन दिवसांचे बारा रियाल वाचवायला मी बघितलं आणि साबणही मीच लावला. तिच्या वाट्याला यातलं काही येत नाही, हे मी तोंडाने कधी नीट सांगू शकले नसते.

सातवी नोट माझ्याकडे राहिली होती. दोनेक महिन्यांनी, भिशीचे हप्ते भरायची वेळ आली तेव्हा, मी ती घेऊन रिंग रोडला गेले. तोच जाड चष्म्याचा मुलगा. मी नोट पुढे केली आणि बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात त्याने ती उजेडाला धरली, लाल झालेल्या साहेबाकडे बघितलं आणि म्हणाला, "कंकु छे ने? वांधो नथी."

गल्ल्यात टाकली. फॉर्म काढला. डॉलर मधल्या काळात वर गेला होता. त्याचं कमिशन कापूनही शंभरामागे मला वीस रुपये जास्त मिळाले. मी सहीच्या जागी सही केली आणि पैसे घेऊन घरी आले.

त्या महिन्याची भिशी जिने मला तिचा नंबर दिला होता तिची होती. वीस जणी दाटीने बसल्या होत्या. आवाज नेहमीपेक्षा कमी होता. मी दहा हजार मोठ्याने मोजले. मुलगी करंडा घेऊन आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. डॉलरच्या वेळी सातही नोटांना लावलं होतं ते तिलाही आठवत असणार.

मी म्हटलं, "वरच्याला लाव."

तिने बोट ओलं केलं, लावलं, आणि गड्डी त्या बाईच्या हातात दिली. बाईने ती न मोजता कमरेला खोवली.